मानेतील फॅशियाचे थर कसे शिकावेत आणि रुग्णाजवळ कसे वापरावेत

मानेच्या फॅशियाचा धडा बहुतेक विद्यार्थी नावांची यादी म्हणून पाठ करतात, आणि त्यामुळेच पुढे वॉर्डात गळ्याला सूज आलेला रुग्ण समोर आला की त्या यादीचा काहीच उपयोग होत नाही. मराठी पारिभाषिक कोशात जिला प्रावरणी म्हणतात ती ही पातळ पण चिवट पटले म्हणजे मानेतल्या भिंती आहेत. पू, रक्त, हवा आणि भुलीचे औषध या चारही गोष्टी मानेत शिरल्यावर याच भिंतींच्या कडेकडेने सरकतात. म्हणून प्रत्येक थराला तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी: हा थर कुठे कुठे चिकटला आहे, त्याने काय गुंडाळले आहे, आणि तो कोणत्या दिशेला उघडा आहे. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून परीक्षेच्या उत्तरांत नेमका तोच सर्वांत कमी आढळतो.

निरनिराळी पुस्तके वाचताना थरांची संख्या आणि नावे जुळत नाहीत, म्हणून गोंधळून जाऊ नये. एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच शल्यचिकित्सक मालगेन यांनीही अशीच तक्रार केली होती की मानेचा फॅशिया प्रत्येक लेखकाच्या लेखणीखाली नवे रूप घेतो. एकच वर्गीकरण निवडावे, ते नीट समजून घ्यावे आणि मग इतरांच्या नावांशी त्याची सांगड घालावी.

सुरुवात स्वतःच्या मानेपासून

आरशासमोर उभे राहून दात दिसतील अशा रीतीने ओठांचे कोपरे जोराने खाली ओढावेत. त्वचेखाली ज्या उभ्या रेघा ताणल्या जातात तो प्लॅटिझ्मा स्नायू होय, आणि तो त्वचेखालच्या चरबीच्या थरात, म्हणजे वरवरच्या फॅशियात असतो. मानेला भोसकल्याची जखम तपासताना प्लॅटिझ्मा फाटला आहे का, हा प्रश्न सर्वप्रथम विचारतात, कारण तो ओलांडला गेला असेल तर आतील कोणत्याही अवयवाला इजा झालेली असू शकते.

आता हनुवटीवर तळहात टेकवून त्याच्या विरोधात मान वळवावी, म्हणजे विरुद्ध बाजूचा स्टर्नोमास्टॉइड स्नायू दोरखंडासारखा वर येतो. श्वास रोखून जोर दिला की त्याच्यावरून तिरकी उतरणारी एक्स्टर्नल जुग्युलर शीर फुगते. शेवटी पाण्याचा घोट घेऊन कंठ कसा वर जातो आणि खाली येतो, ते बोट ठेवून अनुभवावे. या तीन हालचालींत खोल फॅशियाचे काम दिसून येते, आणि त्यांची कारणे पुढे येतीलच.

आडवा छेद काढणे

मानेच्या सातव्या मणक्याच्या पातळीवर आडवा छेद काढावा, कारण इथे थायरॉईड ग्रंथी सापडते आणि सगळे थर एकाच चित्रात बसतात. वर्तुळाच्या मागच्या भागात मणका, त्याच्याभोवती स्नायू, मणक्यापुढे अन्ननलिका, तिच्यापुढे श्वासनलिका, श्वासनलिकेला दोन्ही बाजूंनी बिलगलेले थायरॉईडचे भाग, आणि त्यांच्या बाहेर थोडे मागे मोठ्या रक्तवाहिन्या असा क्रम ठेवावा. मगच रंगीत पेन्सिली घ्याव्यात. माझा अनुभव असा आहे की जे विद्यार्थी आधी थर काढतात आणि मग त्यांत अवयव कोंबतात, त्यांचे चित्र कधीच सुटसुटीत होत नाही.

पहिला रंग सर्वांत बाहेरच्या आच्छादक थराचा. मानेभोवती उपरणे घेतल्यासारखा हा थर मागे मणक्यांच्या कण्यापासून निघतो, मान-खांद्याच्या ट्रॅपिझियस स्नायूला दुभंगून गुंडाळतो, पुन्हा एक होऊन मानेच्या मागच्या त्रिकोणाचे छत बनतो, स्टर्नोमास्टॉइडसाठी पुन्हा दुभंगतो आणि पुढे मधोमध दुसऱ्या बाजूच्या थराला मिळतो. उपरण्याची उपमा मात्र इथेच सोडावी, कारण उपरणे सैल असते आणि हा थर वर जबड्याच्या खालच्या कडेला, कानामागच्या मॅस्टॉइड हाडाला व कवटीच्या मागच्या रेषेला, मध्ये हनुवटीच्या खाली गळ्यात असलेल्या हायॉइड हाडाला, आणि खाली कॉलरबोन, खांद्याचे हाड व छातीच्या मधल्या हाडाला घट्ट शिवलेला असतो. आपल्याकडे विद्यार्थी 'दोन-दोनचा नियम' म्हणून हा थर लक्षात ठेवतात: दोन स्नायू, दोन लाळग्रंथी, दोन पोकळ्या आणि स्नायूंसाठी दोन कप्प्या. हा नियम उपयोगी आहे, पण त्यातल्या प्रत्येक जोडीमागे एखादी रुग्णकथा आहे हे कळले तरच तो टिकतो.

लाळग्रंथींचे उदाहरण घ्यावे. कानाजवळच्या पॅरोटिड ग्रंथीवरचे या थराचे बाहेरचे पटल जाड आणि न ताणले जाणारे असते. गालगुंड झालेल्या मुलाचा कान घास चावताना एवढा ठणकतो, कारण सुजलेल्या ग्रंथीला फुगायला जागाच नसते. त्याच कारणाने या ग्रंथीत पू झाला तरी बोटाला तो लवकर पातळ लागत नाही, आणि पू हाताला जाणवण्याची वाट पाहत बसणे धोक्याचे ठरते.

पोकळ्यांपैकी छातीच्या हाडावरच्या खाचेतली पोकळी ग्लासगोचे शल्यचिकित्सक ॲलन बर्न्स यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात दोन्ही बाजूंच्या अँटीरिअर जुग्युलर शिरांना जोडणारी आडवी कमान असते, आणि ट्रेकिऑस्टॉमी करताना, म्हणजे श्वासासाठी श्वासनलिकेला बाहेरून छिद्र पाडताना, छेद फार खाली गेला तर रक्तस्राव होतो तो पुष्कळदा हिच्यातून.

मघाशी फुगवलेली एक्स्टर्नल जुग्युलर शीर कॉलरबोनच्या थोडे वर या थराला भेदून आत जाते, आणि तिथे तिची भिंत फॅशियाला चिकटलेली असते. इतरत्र कापलेली शीर आक्रसून मिटते, पण इथे फॅशिया तिचे तोंड ओढून उघडे ठेवतो आणि श्वास घेताना हवा आत खेचली जाऊन थेट हृदयाकडे जाऊ शकते. म्हणून या जागी जखम दिसली की कापूस शोधण्याआधी बोटाने दाब द्यावा आणि रुग्णाचे डोके खाली करावे.

दुसरा रंग श्वासनलिकेसमोरच्या प्रीट्रेकियल थराचा. हायॉइड हाड आणि स्वरयंत्राच्या थायरॉईड व क्रिकॉइड या कूर्चा यांच्यापासून तो लोंबतो, थायरॉईड ग्रंथीला बाहेरचे कवच देतो आणि मागे घशाच्या व अन्ननलिकेच्या पटलाशी सलग होतो. ग्रंथीच्या मागच्या बाजूला त्याचा जाड झालेला भाग ग्रंथीला क्रिकॉइडशी आणि श्वासनलिकेशी बांधतो. हाच बेरी यांचा बंध. गिळताना स्वरयंत्र वर जाते, त्याच्याबरोबर बांधलेली ग्रंथीही वर जाते, आणि म्हणूनच मानेतली गाठ तपासताना आपण रुग्णाला पाणी प्यायला सांगतो. याच बंधाजवळून स्वरयंत्राचा मज्जातंतू जातो. ग्रंथी मोकळी करण्याच्या घाईत शल्यचिकित्सकाच्या हातून तो दुखावण्याची जागा हीच.

या थराचा तिसरा प्रश्न विचारावा: तो उघडा कुठे आहे? वरच्या बाजूला तो आणि स्टर्नोथायरॉईड स्नायू कूर्चेला चिकटलेले असल्याने ग्रंथी वर फार वाढू शकत नाही, परंतु खाली हा थर छातीत उतरून हृदयाच्या आवरणाशी मिसळतो आणि ती वाट मोकळी असते. गलगंड छातीच्या हाडामागे उतरतो तो या वाटेने, आणि या थराच्या आत झालेला जंतुसंसर्गही त्याच वाटेने छातीच्या मध्यभागात पोचतो.

थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही तासांत मान वेगाने सुजू लागली आणि रुग्णाला श्वास घेणे जड जाऊ लागले, तर वर शिवलेल्या स्नायूंच्या आणि फॅशियाच्या खाली रक्त साठत असते. अशा वेळी नुसते त्वचेचे टाके काढून भागत नाही, खालच्या स्नायूंचे टाकेही खाटेजवळच उघडावे लागतात. थरांची समज इथे काही मिनिटांत जीव वाचवते, आणि म्हणून ही गोष्ट वॉर्डातल्या परिचारिकेलाही माहीत असलीच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

तिसरा रंग मणक्यांसमोरच्या प्रीव्हर्टेब्रल थराचा. मणका आणि त्याला चिकटलेले स्नायू यांना हा थर वेढतो आणि मागच्या त्रिकोणाची जमीन बनतो. चित्रात दोन मज्जातंतू जाणीवपूर्वक काढावेत: श्वासपटलाचा फ्रेनिक या थराच्या खाली, आणि ट्रॅपिझियसला जाणारा ॲक्सेसरी या थराच्या वर, छताच्या लगेच खाली. मागच्या त्रिकोणातली लसिका ग्रंथी तपासणीसाठी काढताना ॲक्सेसरी मज्जातंतू कापला जातो तो याच उथळ स्थानामुळे, आणि मग रुग्णाला हात डोक्यावर नेता येत नाही. उलट खोलवर काम करणारा शल्यचिकित्सक प्रीव्हर्टेब्रल थर अखंड ठेवतो तोपर्यंत फ्रेनिक आणि हाताकडे जाणारे मज्जातंतूंचे जाळे सुरक्षित असते.

हाच थर त्या जाळ्याबरोबर आणि सबक्लेव्हियन धमनीबरोबर बाहीसारखा काखेपर्यंत जातो. शीर मात्र या बाहीच्या बाहेर राहते, त्यामुळे तिला फुगायला अडचण येत नाही. हाताच्या शस्त्रक्रियेसाठी मानेत भुलीचे इंजेक्शन देताना औषध या बाहीत पडले की ते आपोआप मज्जातंतूंच्या कडेने पसरते. स्केलीन स्नायूंच्या मध्ये नेहमीच्या प्रमाणात औषध दिले तर बहुतेकदा फ्रेनिकही बधिर होतो आणि त्या बाजूचे श्वासपटल तात्पुरते थांबते, म्हणून ज्या रुग्णाचे दुसरे फुप्फुस आधीच अधू आहे त्याच्या बाबतीत हा मार्ग टाळतात.

कॅरॉटिड शीथ, म्हणजे मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांभोवतीची फॅशियाची नळी, चौथ्या रंगाने काढावी. तिच्यात आतल्या बाजूला धमनी, बाहेर इंटर्नल जुग्युलर शीर आणि दोन्हींच्या मध्ये मागे व्हेगस मज्जातंतू असतो. धमनीवर ती जाड आणि शिरेवर पातळ असते. सिंपॅथेटिक मज्जातंतूंची साखळी तिच्या मागे पण बाहेर असते; ती आत दाखवण्याची चूक उत्तरपत्रिकांत फार आढळते. ही नळी कवटीपासून छातीपर्यंत जात असल्याने अमेरिकेतील कान-नाक-घसा शल्यचिकित्सक हॅरिस मोशर यांनी तिला लिंकन हायवे म्हटले होते, तो रस्ता त्या देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जात असे म्हणून.

उभा छेद: पुढून मागे जाणाऱ्या तीन रेषा

आडव्या छेदात थर कळतात, पण वाटा कळत नाहीत. त्यासाठी मधोमध उभा छेद काढावा आणि घशाच्या मागे कवटीच्या तळापासून खाली तीन रेषा ओढाव्यात. सर्वांत पुढची घशाच्या पाठीवरची बक्कोफॅरिंजिअल, मधली ॲलर आणि मागची प्रीव्हर्टेब्रल. काही पुस्तके मधली आणि मागची मिळून एकच थर मानतात, आणि पुस्तके न जुळण्याचे मुख्य कारण हेच आहे. ग्रोडिन्स्की आणि होल्योक यांनी १९३८ मध्ये शवांत या पोकळ्यांचा अभ्यास करून त्यांना क्रमांक दिले, आणि ॲलर व प्रीव्हर्टेब्रल यांच्यामधल्या चौथ्या पोकळीला 'धोक्याची पोकळी' हे नाव रूढ झाले.

पुढच्या दोन रेषांमधली पोकळी छातीच्या वरच्या भागातच मिटते, कारण ॲलर थर तिथे पुढच्या पटलाला जाऊन चिकटतो. त्याच्या मागची धोक्याची पोकळी मात्र थेट श्वासपटलापर्यंत उघडी असते आणि तिच्यात सैल ऊतीशिवाय अडवणारे काहीच नसते. घशामागचा पू ॲलर थर फोडून या पोकळीत गेला, तर मानेचा आजार छातीचा आजार होतो.

हे ज्ञान रुग्णाजवळ वापरताना

खालच्या दाढेचे दुखणे अंगावर काढलेला रुग्ण हे या अभ्यासाचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. खालच्या दुसऱ्या दाढेची आणि अक्कलदाढेची मुळे तोंडाचा तळ बनवणाऱ्या मायलोहायॉइड स्नायूच्या चिकटण्याच्या रेषेखाली उतरतात, त्यामुळे तिथला संसर्ग जबड्याखालच्या पोकळीत जातो आणि स्नायूच्या मागच्या मोकळ्या कडेवरून जिभेखालीही पसरतो. दोन्ही बाजू भरल्या की १८३६ मध्ये जर्मन वैद्य फॉन लुडविग यांनी वर्णिलेला विकार होतो. आता पहिल्या थराची चिकटण्याची ठिकाणे आठवावीत. वर जबडा, खाली हायॉइड, मध्ये न ताणले जाणारे पटल. सूज बाहेर येऊ शकत नाही, म्हणून ती जिभेला वर आणि मागे ढकलते. हनुवटीखालचा भाग लाकडासारखा कडक लागतो, तोंड उघडत नाही, लाळ गळते, आवाज जाड होतो. असा रुग्ण आडवे पडायला नकार देत असेल तर त्याला तपासणीसाठीही जबरदस्तीने आडवे करू नये, आधी श्वासमार्गाची व्यवस्था करावी. घरी असणाऱ्या कोणालाही यांपैकी लक्षणे दिसली तर ती रात्र उलटण्याची वाट पाहण्याची नव्हेत, तातडीने रुग्णालय गाठण्याची आहेत.

पाच वर्षांखालचे मूल तापाने फणफणलेले, मान ताठ धरून, गिळायला नकार देणारे असेल तर घशामागच्या लसिका ग्रंथींत पू झाल्याचा संशय घ्यावा. या ग्रंथी लहानपणी मोठ्या असतात आणि पुढे आक्रसतात, म्हणून हा प्रामुख्याने बालकांचा आजार. मधोमध पटलाची उभी शिवण असल्याने सूज एका बाजूला दिसते. बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये मानेच्या दुसऱ्या मणक्यासमोरच्या मऊ ऊतीची जाडी ७ मिलिमीटरपेक्षा, किंवा मुलांत सहाव्या मणक्यासमोरची १४ मिलिमीटरपेक्षा अधिक असेल तर ती संशयास्पद मानावी. मात्र मूल रडत असताना किंवा मान वाकलेली असताना काढलेल्या चित्रात ही जाडी फसवी वाढते, हे विसरू नये.

याउलट मणक्याच्या क्षयरोगात पू प्रीव्हर्टेब्रल थराच्या मागे साठतो. तिथे मधली शिवण नसते, त्यामुळे फुगवटा मध्यभागी येतो, ताप कमी आणि दुखणे जुने असते. हा थर पुवाला पुढे येऊ देत नाही, म्हणून तो कडेने मागच्या त्रिकोणात किंवा बाहीतून काखेत उतरतो. काखेतल्या थंड गळवाचे, म्हणजे लाली व गरमपणा नसलेल्या क्षयाच्या गळवाचे, मूळ मानेत शोधावे लागते, ते या कारणाने. ताजे, तापाचे गळू तोंडावाटे उघडतात, क्षयाचे मात्र मानेच्या बाजूने.

गंडमाळेतही फॅशियाच निर्णायक असतो. भारतात मानेतल्या क्षयरोगी लसिका ग्रंथी अजूनही नेहमी पाहाव्या लागतात. खोल थराखाली मऊ झालेल्या ग्रंथीतला पू त्या थराला एक लहान छिद्र पाडून त्वचेखाली जमतो, आणि कॉलरच्या दुहेरी बटणासारखे दोन कप्पे तयार होतात. वरचा कप्पा कितीही वेळा रिकामा केला तरी खालचा त्याला पुन्हा भरतो. छेद घेऊन वाहते ठेवलेले असे गळू महिनोन्महिने झरत राहते. क्षयविरोधी औषधांचा पूर्ण काळ, साधारणतः सहा महिन्यांचा, हाच खरा उपाय आहे, आणि पू काढावाच लागला तर निरोगी त्वचेतून सुईने ओढून काढावा.

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा इतिहासही या पटलांवर लिहिला गेला आहे. जॉर्ज क्राइल यांनी १९०६ मध्ये मांडलेल्या शस्त्रक्रियेत मानेतल्या ग्रंथींबरोबर स्टर्नोमास्टॉइड, जुग्युलर शीर आणि ॲक्सेसरी मज्जातंतू हे सगळेच काढले जात. अर्जेंटिनाचे ऑस्वाल्दो सुआरेझ यांनी १९६३ मध्ये असे दाखवले की ग्रंथी आणि त्यांच्याभोवतीची चरबी फॅशियाच्या पिशव्यांत बंद असते, त्यामुळे स्नायू आणि शीर यांच्यावरचे पटल सोलून ग्रंथींसह काढता येते व अवयव जागेवर राखता येतात. तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाच्या कर्करोगाचे एवढे रुग्ण महाराष्ट्रात दिसतात की आज पहिल्या वर्षाला शवविच्छेदन करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांना पुढे अशी मान उघडलेली पाहावी लागेल. म्हणून शवविच्छेदनात स्टर्नोमास्टॉइडवरचे पटल फाडून टाकू नये. पुढच्या कडेला चीर देऊन ते एकसंध मागे सोलत न्यावे आणि ॲक्सेसरी मज्जातंतू स्नायूत कुठे शिरतो व कुठून बाहेर पडतो हे डोळ्यांनी पाहावे.

राहिला स्कॅन. मानेत खोल संसर्गाचा संशय असेल तर रंगद्रव्य देऊन सीटी काढतात. चित्रे वाचताना प्रथम श्वासमार्ग रुंद आहे का ते पाहावे, मग घशामागची जागा एका बाजूने भरली आहे की दोन्ही, मग कॅरॉटिड शीथमधली शीर रंगद्रव्याने भरते की तिच्यात गुठळी आहे. फ्रान्सचे लमिएर यांनी १९३६ मध्ये वर्णिलेल्या आजारात घशाच्या संसर्गानंतर हीच शीर गोठते आणि गुठळीचे कण फुप्फुसात जातात. शेवटी खाली सरकत जावे आणि पू किंवा हवेचे बुडबुडे कोणत्या मणक्यापर्यंत उतरले आहेत ते नोंदवावे. हे नोंदवता यायचे असेल तर स्कॅनच्या मागणीपत्रावर नुसती 'मान' असे न लिहिता कवटीच्या तळापासून श्वासपटलापर्यंत असे लिहावे, कारण धोक्याची पोकळी तिथवर उघडी आहे.